शब्द मोडताना

धर्मगुरूंच्या प्रवचनांत बऱ्याच वर्षांपासून एक खेळ रूढ झाला आहे. प्रवचन मराठीत चाललेले असते, शुभवर्तमानाचे वाचन नुकतेच आटोपलेले असते, आणि मध्येच प्रवचनकार एखादा इंग्रजी शब्द उचलतो, त्याच्या पोटात एक आडवी रेघ मारतो आणि दोन तुकडे दोन हातांत घेऊन श्रोत्यांपुढे धरतो. ‘डिसीज’ म्हणजे ‘डिस-ईज’, जिथे मनाला स्वस्थता नाही तिथे रोग. ‘हिस्टरी’ म्हणजे ‘हिज-स्टोरी’, त्या परमेश्वराची कथा. ‘रिमेंबर’ म्हणजे ‘री-मेंबर’, विखुरलेल्या अवयवांना पुन्हा एका शरीरात जोडणे. रिट्रीटमध्ये तर असे शब्द फळ्यावर खडूने लिहून त्यांच्यामध्ये रेघा ओढल्या जातात आणि मागच्या बाकांवरील माणसेही वह्या उघडतात.

हे वाचून कोणा धर्मबंधूला आम्ही त्याच्याकडे बोट दाखवीत आहोत असे वाटू नये. या खेळातले जुने गडी आम्ही स्वतःच आहोत. आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी प्रवचन सुरू झाले की त्यांची नजर वरच्या पंख्याकडे जाते. इंग्रजी शब्द फुटला की ती खाली येते. आणि ज्यांना इंग्रजीचे एक अक्षरही येत नाही अशा आजीबाईदेखील त्या वेळी मान डोलावतात, किंबहुना त्याच अधिक डोलावतात. इंग्रजी शब्दाच्या पोटातून निघालेला अर्थ त्यांना जमिनीतून खणून काढलेल्या हंड्यासारखा वाटत असावा. प्रवचनकाराला याहून अधिक काय हवे? तरीही गेली काही वर्षे हा खेळ खेळताना आमचा हात अडखळतो. तो का अडखळतो, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम या खेळातला आनंद सांगितला पाहिजे, कारण तो खरा आहे. ‘कंपॅनियन’ म्हणजे सोबती. लॅटिनमध्ये ‘कुम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकर. ज्याच्यासह आपण भाकर मोडून खातो तो सोबती. हाच ‘पानिस’ पोर्तुगीजांच्या तोंडी रूप बदलून आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि ‘पाव’ झाला. म्हणजे सकाळी पाववाल्याच्या सायकलवरून आपल्या दारी येणारी वस्तू या इंग्रजी शब्दात जशीच्या तशी दडलेली आहे. ‘लॉर्ड’ या शब्दाची कथा तर याहून गोड आहे. जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणजे पाव. आजचा ‘लोफ’ तो हाच. ‘ह्लाफ-वेअर्ड’, म्हणजे पावाचा राखणदार, हा शब्द झिजत झिजत ‘लॉर्ड’ झाला, आणि ‘लेडी’ म्हणजे मुळात पावाचे पीठ मळणारी. इंग्रजीत प्रार्थना करणारा माणूस प्रभूला ‘लॉर्ड’ म्हणतो तेव्हा नकळत तो भाकरीच्या राखणदाराला हाक मारीत असतो. मात्र येथे आडवी रेघ मारायला जागाच उरलेली नाही. शिवण इतकी झिजली आहे की दोन कापडे कुठे जोडली होती ते दिसत नाही.

आणि ‘अ‍ॅटोनमेंट’. प्रायश्चित्त, समेट अशा अर्थाचा हा शब्द ‘अ‍ॅट-वन-मेंट’ असा फोडला की ती एखाद्या हुशार उपदेशकाने केलेली कोटी वाटते. परंतु ती कोटी नव्हे. ‘अ‍ॅट वन’ म्हणजे एकमेकांशी एक झालेले. त्या अवस्थेला इंग्रजांनी खरोखरच ‘अ‍ॅट-वन-मेंट’ म्हटले, आणि पुढे उच्चार बदलल्यामुळे आतला ‘वन’ कानाला ऐकू येईनासा झाला. सर थॉमस मोर यांनी १५१३ च्या सुमारास लिहिलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या इतिहासात हा शब्द आढळतो. विल्यम टिंडल यांनी १५२६ साली नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर छापले, त्यात रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात तोच शब्द आहे. आपल्या मराठी बायबलमध्ये त्या ठिकाणी ‘समेट’ असा शब्द आहे. आता हे दोघे एकमेकांचे कट्टर विरोधक. मोर यांनी टिंडलच्या खंडनासाठी मोठमोठे ग्रंथ लिहिले, टिंडलनेही उत्तरे दिली, आणि दोघांच्याही लेखणीत सौम्यपणा फारसा नव्हता. १५३५ साली मोर यांचा लंडनमध्ये शिरच्छेद झाला. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सजवळ टिंडलना गळा आवळून मारून त्यांचे शरीर जाळण्यात आले. ‘एक होणे’ हा शब्द दोघांनीही वापरला. एक काही ते झाले नाहीत. मोर यांना ख्रिस्तसभेने १९३५ साली संत घोषित केले. हा शब्द उच्चारताना आम्हाला त्या दोघांचीही आठवण येते.

शब्दाच्या मध्ये येणाऱ्या या आडव्या रेघेविषयीही थोडे सांगावेसे वाटते. ‘हायफन’ हा शब्द ग्रीक आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘हेन’ म्हणजे एक. ‘एकाखाली’, अर्थात एकत्र. जुने ग्रीक लेखक शब्दांमध्ये मोकळी जागा न सोडता सलग लिहीत. तेव्हा कोणती अक्षरे एकाच शब्दातली आहेत हे कळावे म्हणून त्यांच्याखाली एक लहानशी कमान काढली जाई, तिचे हे नाव. आपल्या मराठी व्याकरणकारांनीही या चिन्हाला ‘संयोगचिन्ह’ असेच नाव दिले आहे. गटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापलेल्या बायबलमध्ये ओळींच्या शेवटी दोन लहान तिरप्या रेघा दिसतात. शब्द पुढच्या ओळीत गेला आहे, अजून संपलेला नाही, थांबा, एवढेच त्या वाचकाला सांगतात. थोडक्यात, हे चिन्ह जन्मले जोडण्यासाठी, आणि आम्ही प्रवचनकार ते वापरतो तोडण्यासाठी.

ही रेघ भलत्या जागी पडली तर काय होते, हे छापखान्यातील जुन्या माणसांना विचारावे. इंग्रजीत ‘मॅन-स्लॉटर’ म्हणजे मनुष्यवध. ओळ संपत आली म्हणून कोणी तो शब्द एक अक्षर पुढे जाऊन तोडला तर त्याच अक्षरांचे ‘मॅन्स-लाफ्टर’, माणसाचे हसू, असे वाचले जाते. आणि रेघ गाळली तर? आमच्या भागात वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि फाटकाफाटकांवर ‘को-ऑप. हाउसिंग सोसायटी’ अशा पाट्या लागल्या. इंग्रजी पाटी रंगवणाऱ्याने मधली रेघ विसरली की ‘को-ऑप’चे ‘कूप’ होते, म्हणजे कोंबड्यांचे खुराडे. काही सोसायट्यांच्या वार्षिक सभांचे वृत्तांत कानी येतात तेव्हा रंगाऱ्याची फार मोठी चूक झाली असे आम्हाला वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुमारे दहा वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही ‘सिन्सिअर’ हा शब्द फोडला. ‘सिने’ म्हणजे विना, ‘केरा’ म्हणजे मेण. रोममधील लबाड शिल्पकार संगमरवरातील भेगा मेणाने बुजवीत. ऊन तापले की मेण वितळे आणि भेग उघडी पडे. प्रामाणिक शिल्पकार मात्र आपल्या मूर्तीवर ‘मेणाविना’ असे कोरून ठेवी. आपले जीवनही असे मेणाविना असावे, वगैरे वगैरे. प्रवचन रंगले. मिस्सानंतर इंग्रजीचे एक सेवानिवृत्त शिक्षक सॅक्रिस्टीत आले. आम्ही वस्त्रे उतरवीत होतो.

“फादर, मेणाची गोष्ट छान होती,” सर म्हणाले, “पण ती खरी नाही.”

त्यांनी सांगितले ते असे की लॅटिनमध्ये ‘सिन्केरुस’ म्हणजे स्वच्छ, निर्भेळ. मेणाशी त्याचा संबंध जोडणारी गोष्ट मागाहून कोणी तरी रचलेली आहे, आणि अभ्यासक ती मानीत नाहीत. आम्ही जरा ओशाळलो, परंतु उत्तर तयार होते: गोष्ट खोटी असली तरी बोध तर खरा आहे ना?

सर हसले. “आहे ना. पण प्रामाणिकपणावर बोलायला खोटी गोष्ट लागली, एवढंच मला खटकलं.”

वाचकहो, या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. संत ऑगस्टीन यांनी ३९५ च्या सुमारास असत्याविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी असत्याचे आठ प्रकार सांगितले असून सर्वांत गंभीर असा पहिला प्रकार धर्मशिक्षणात सांगितलेल्या असत्याचा आहे. एखाद्याचा जीव वाचवण्यासाठी बोललेले असत्यही ते क्षम्य मानायला तयार नाहीत; मग श्रोत्यांची नजर पंख्यावरून खाली आणण्यासाठी बोललेल्या असत्याची काय कथा? त्यांचे म्हणणे सोपे आहे. हा मनुष्य आपल्या भल्यासाठी कधी कधी खोटे सांगतो हे एकदा लोकांना कळले, की तो खरे केव्हा सांगतो हे त्यांनी कसे ओळखावे? तरी ऑगस्टीन एक भेद करतात. जो स्वतः खरे समजून चुकीचे सांगतो, तो उतावळा असेल, पण असत्यवादी नव्हे. त्या रविवारपर्यंत आम्ही या आडोशाला उभे राहू शकत होतो. सरांनी सांगितल्यानंतर तो आडोसा गेला. आणि येथे कबूल केले पाहिजे की पुढच्या वर्षी एका दुसऱ्या धर्मग्रामात नोव्हेनाच्या प्रवचनात आम्ही ती मेणाची गोष्ट पुन्हा सांगितली. तेथे सर नव्हते. प्रवचन त्या दिवशीही रंगले.

कोटी करणे मुळीच पाप नाही. आपल्या भाषेत श्लेष हा अलंकार आहे आणि त्याला मान आहे. ‘री-मेंबर’चेच घ्या. ‘रिमेंबर’ हा शब्द स्मरणार्थी लॅटिन शब्दावरून आला, आणि अवयव या अर्थाचा ‘मेंबर’ वेगळ्याच घराण्यातला आहे. दोघांचे नाते केवळ वर्णांच्या सारखेपणाचे. तरी ख्रिस्तयागात प्रभूचे स्मरण करताना आपण विखुरलेली माणसे एका शरीराचे अवयव होतो, हा विचार खोटा ठरत नाही. प्रवचनकाराने एवढेच म्हणावे की ही कोटी आहे. श्लेष म्हणून पुढे केला तर तो अलंकार राहतो. व्युत्पत्ती म्हणून पुढे केला की त्याला पुराव्याचा मुखवटा चढतो. आणि भाषा स्वतःही कधी कधी फसते. ‘गॉस्पेल’ हा शब्द मुळात ‘गुड-स्पेल’, म्हणजे चांगली वार्ता. आपण ‘शुभवर्तमान’ म्हणतो ते अगदी त्याच अर्थाने. पण जुन्या इंग्रजीत ‘गुड’ आणि ‘गॉड’ लिहायला सारखे असल्यामुळे लोक त्यात ‘गॉड’ पाहू लागले आणि इंग्लंडहून हा शब्द ज्या देशांत गेला तिथे तो ‘देवाची वार्ता’ म्हणूनच पोचला. त्या चुकीने कोणाचे काही बिघडले नाही.

परंतु सगळ्याच चुका अशा निरुपद्रवी नसतात, आणि हे लिहिताना आम्हाला धर्मगुरू म्हणून मान खाली घालावी लागते. १४८६ च्या सुमारास हाइनरिक क्रामर नावाच्या एका डोमिनिकन धर्मगुरूने चेटकिणी शोधून त्यांना शिक्षा कशी करावी यावर लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला. स्त्रियाच चेटकाकडे अधिक का वळतात, हे सिद्ध करताना त्याने ‘फेमिना’ हा स्त्रीवाचक शब्द फोडून दाखवला: ‘फे’ म्हणजे श्रद्धा, ‘मिनुस’ म्हणजे उणी. श्रद्धेत जी उणी ती स्त्री! व्युत्पत्ती साफ खोटी. पण ग्रंथाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि स्त्रियांना चेटकीण ठरवून जाळण्याच्या कामी तो वापरला गेला. इंग्रजीतही ‘वुमन’ म्हणजे ‘वो-टू-मॅन’, पुरुषाचे दुःख, अशी कोटी जुन्या काळापासून चालत आली आहे. खरे पाहता जुना शब्द ‘वीफ-मन’. ‘वीफ’ म्हणजे स्त्री आणि ‘मन’ म्हणजे मनुष्य. लग्नाच्या मेजवानीत टोस्ट देणारे गृहस्थ हा ‘वो-टू-मॅन’चा विनोद अजूनही करतात. नवरी हसते, कारण तिला हसावेच लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे. फादरांनी शब्दकोश उघडावा, खरी फोड असेल ती सांगावी, खोटी असेल ती टाकून द्यावी. आम्हालाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. म्हणूनच ‘डिस-ईज’ हा शब्द आम्ही निर्धास्तपणे वापरीत असू. त्याची फोड खरी आहे. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला ‘ईज’ म्हणजे स्वस्थता, ‘डिस’ म्हणजे अभाव, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ कोणतीही अस्वस्थता, कोणताही त्रास असा होता. आजार हा अर्थ त्यातूनच पुढे आला. सरांनीही यावर कधी हरकत घेतली नाही.

काही वर्षांपूर्वीच्या उपवासकाळात आम्ही या शब्दावर एक संपूर्ण प्रवचन दिले. मनातला राग, हेवा, न केलेली क्षमा माणसाला आतून अस्वस्थ करतात, आणि ही अस्वस्थता अखेर शरीरावर उमटते, असा त्याचा आशय होता. त्यानंतर दोनएक महिन्यांनी पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला निघालो असता एका घरी गेलो. (पुढचे बोलणे प्रायश्चित्त संस्कारातले नव्हे, ओटीवरचे आहे, घरच्यांना विचारून आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून आम्ही ते येथे लिहीत आहोत.) घरातील काकींना अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता. मुंबईला उपचार चालू होते. शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे, इंग्रजीचा गंध नाही. आणि आमच्या त्या प्रवचनाला त्या हजर नव्हत्या, त्यांची सून हजर होती.

“फादर, तुम्ही सांगितलं ते सगळं मी केलं,” काकी म्हणाल्या.

आम्हाला काही उमगले नाही.

“सुनेनं सांगितलं मला. मनात गाठ असली की अंगात गाठ येते. मी मनातली गाठ सोडली. आईच्या सोन्यावरून धाकट्या बहिणीशी अकरा वर्षं बोलत नव्हते. तिच्या घरी गेले, मोठी असून तिच्या पाया पडले. ती रडली, मी रडले. आता रोज येते ती, आत आहे बघा. पण ही गाठ काही सुटत नाही. अजून काय राहिलं असेल, फादर? रात्र रात्र मी आठवत बसते.”

‘मनात गाठ असली की अंगात गाठ येते’ हे वाक्य आमचे नव्हते. पण ते आमच्याच शब्दाचे अपत्य होते, हे नाकारण्यात अर्थ नव्हता. इंग्रजी शब्दाची फोड मराठीत आली, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली आणि जिथे पोचायची तिथे आरोपपत्र होऊन पोचली. काकी रात्री जाग्या राहून आपल्या साठ वर्षांच्या आयुष्यातले अपराध मोजीत होत्या, आणि प्रत्येक सापडलेल्या अपराधाबरोबर त्यांना वाटत होते की हाच तो, याचीच क्षमा राहिली. आम्ही मनात ते प्रवचन पुन्हा चाळले. त्यात व्युत्पत्तीची एकही चूक नव्हती.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनस शिकलो, परीक्षा दिल्या, उत्तीर्ण झालो. ‘सुम्मा’ ग्रंथात अंधश्रद्धेची चर्चा करताना ते एका आक्षेपाच्या उत्तरात सांगतात की शब्दाची व्युत्पत्ती ही एक गोष्ट आणि शब्दाचा अर्थ ही दुसरी. शब्द कशावरून पडला ते व्युत्पत्ती सांगते. तो कशासाठी वापरला जातो तो त्याचा अर्थ. उदाहरण त्यांनी दगडाचे दिले आहे. दगडाला लॅटिनमध्ये ‘लापिस’ म्हणतात, आणि ‘पायाला इजा करणारा’ यावरून तो शब्द पडला असे त्या काळी मानीत. थॉमस म्हणतात, तसे असले तरी दगड म्हणजे पायाला इजा करणारी वस्तू असा अर्थ होत नाही. तसा होत असता तर लोखंडही पायाला लागते, मग लोखंडालाही दगड म्हणावे लागले असते. आपल्याकडील शास्त्रकारही योगार्थापेक्षा रूढार्थ बलवान मानतात: चिखलात जन्मते ते पंकज, पण म्हणून बेडकाला कोणी पंकज म्हणत नाही. मिस्सानंतर दाराशी ‘नाइस सर्मन, फादर’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘नाइस’ हा शब्द ‘अज्ञानी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. आम्ही व्युत्पत्तीला धरून बसलो तर रविवारी कोणाशी बोलायची सोय राहणार नाही.

सांगायचा मुद्दा असा की एखाद्या काळी इंग्रजांनी आजाराला ‘अस्वस्थता’ म्हटले, यावरून आजार कशाने होतो हे कळत नाही. शब्द पाडणारे लोक वैद्य नव्हते आणि संदेष्टेही नव्हते. चिंतेचा शरीरावर परिणाम होतो हे डॉक्टरही मान्य करतात. पण त्यावरून काकींची गाठ त्यांच्या बहिणीवरील रागाने झाली असे म्हणणे म्हणजे त्या गाठीचे आणि त्या रागाचे मध्ये एक आडवी रेघ ओढून लग्न लावणे आहे. आणि सर्वांत वाईट हे की त्याच उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी आम्ही जन्मांधाचे शुभवर्तमान वाचले होते. हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या, असे शिष्य विचारतात आणि प्रभू दोन्ही नाकारतात. आम्ही ते मोठ्याने वाचले, पुस्तकाचे चुंबन घेतले आणि त्याच आठवड्यात शिष्यांचाच प्रश्न इंग्रजीत फोडून लोकांना उत्तर म्हणून दिला.

काकींना आम्ही ती जन्मांधाची गोष्ट सांगितली. तुमचा आजार त्या भांडणाने आलेला नाही, आमचे बोलणे चुकले, असे स्पष्ट सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग म्हणाल्या, “म्हणजे मी बहिणीकडे उगाच गेले?”

आत भांड्यांचा आवाज येत होता. बहीण चहा करीत होती. आम्ही म्हणालो की काकी, बहिणीकडे जायला आजाराचे कारण लागत नाही.

“पण आजार नसता तर मी गेले नसते,” काकी म्हणाल्या.

हे खरे होते. आमच्या चुकीच्या बोलण्यातून दोन बहिणींचा समेट झाला होता, मोर आणि टिंडल यांना जे जमले नाही ते त्या दोघींना जमले होते. पुढे एका धर्मबंधूंना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, बघा, देवाने तुमच्या चुकीचेही सोने केले, तुम्ही कशाला खंत करता? देव तसे करतो यावर आमचा विश्वास आहे. परंतु त्याचे श्रेय आमच्या खाती जमा करता येत नाही. चांगले निघावे म्हणून वाईट करावे, हा युक्तिवाद संत पौलाने रोमकरांस पत्रातच धिक्कारला आहे. शिवाय त्या समेटाची किंमत आम्ही मोजली नव्हती. ती काकींनी मोजली, एकेक रात्र जागून.

पुढच्या रविवारी आम्ही तो शब्द सर्वांसमक्ष परत घेतला. कोणाचा उल्लेख न करता एवढेच सांगितले की उपवासकाळात आपण आजाराविषयी जे बोललो ते चुकीचे होते, घरी कोणी आजारी असेल तर त्याला हे जरूर सांगावे. काहींना ते आवडले नाही. एक गृहस्थ म्हणाले, “फादर, एवढं कशाला? कोणाच्या लक्षातही नव्हतं.” सर काही बोलले नाहीत. त्यानंतर मात्र शनिवारी संध्याकाळी त्यांना फोन करून एखादा शब्द विचारून घेण्याची सवय आम्हाला लागली आहे. कधी ते होकार देतात, कधी नुसतेच ‘हं’ म्हणतात, आणि त्या ‘हं’वरून आम्ही समजतो.

त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी पुन्हा काकींकडे गेलो. प्रकृती खालावली होती, आवाज बसला होता. आम्हाला पाहून त्यांनी विचारले, “आज कुठला शब्द फोडला नाही ना, फादर?” आणि त्या हसल्या. रात्री झोप लागते का, असे आम्ही विचारले. “लागते,” त्या म्हणाल्या. “दुखलं की जाग येते. पण आता आठवत बसत नाही.”

बहीण उशाशी बसली होती. तिने मेणबत्ती लावली, टेबलावर पांढरे फडके अंथरले. आम्ही प्रार्थना म्हटल्या. काकींना गिळायला फार त्रास होत होता, म्हणून आम्ही ख्रिस्तप्रसादाचा अगदी लहानसा कण मोडून चमच्यात पाण्याबरोबर त्यांना दिला. उरलेला भाग त्यांच्या बहिणीने घेतला.